अंध विद्यार्थ्यासाठी मोबाईलची निवड

वस्तू ज्याला वापरावयाची, त्याच्या हाताला ती मानवली पाहिजे, हा व्यवहारातला साधा नियम आहे. कोयता घेताना शेतकरी मूठ धरून पाहतो, चप्पल घेताना माणूस ती पायात घालून पाहतो. अंध मुलासाठी मोबाईल घेताना मात्र ह्या नियमाचा पुष्कळदा विसर पडतो. वडील किंवा थोरला भाऊ एकटाच शहापूरच्या वा मुरबाडच्या बाजारात जातो, झळझळीत पडदा पाहून फोन पसंत करतो, आणि ज्याच्यासाठी तो घेतला त्याच्या हाती तो सर्वांत शेवटी पडतो. मग तो फोन घरातील इतर माणसेच वापरू लागतात. असे होऊ नये म्हणून पालकांस योग्य सल्ला देणे हे शिक्षकाचे काम आहे.

प्रथम फोनचे प्रकार समजून घ्यावेत. कळांच्या साध्या फोनमध्ये पाचच्या कळीवर एक उंचवटा असतो. त्यावर बोट ठेवले की बाकीचे आकडे अंदाजाने सापडतात. विजेची भरणीही अनेक दिवस पुरते. परंतु अशा बहुतेक फोनांत आलेला संदेश वाचून दाखविण्याची सोय नसते. केवळ बोलण्यापुरता फोन हवा असेल तर तो पुरे. वाचन करावयाचे असेल तर पुरा पडत नाही.

याउलट स्पर्शाच्या फोनचा पडदा म्हणजे सपाट काच. तिच्यावर चाचपण्यास काहीच नाही. तरीही तो अंधांस वापरता येतो, कारण त्यात पडदा वाचणारी सोय असते. अँड्रॉइड फोनमधील तिचे नाव टॉकबॅक, तर आयफोनमधील व्हॉइसओव्हर. दोन्ही २००९ सालापासून प्रचारात आल्या. ती सोय सुरू केल्यावर बोट जेथे टेकेल तेथील नाव फोन उच्चारतो. बोट उजवीकडे झटकले की पुढील नाव येते. हवे ते नाव ऐकू आल्यावर दोनदा टिचकी मारली की ते काम सुरू होते. ह्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

दुकानात जाताना अंध व्यक्तीस बरोबर न्यावे व सोय सुरू करून फोन तिच्याच हाती द्यावा. बरोबरच्या माणसाने हात मागे बांधून उभे राहावे. नंतर चार कामे करण्यास सांगावे : एक नंबर लावणे, आलेला संदेश ऐकणे, किती वाजले ते विचारून घेणे, आणि आवाजाची सोय बंद करून ती स्वतःच पुन्हा सुरू करणे. चौथे काम फार महत्त्वाचे आहे. घरातील डोळस माणसास ही सोय अडचणीची वाटते व तो ती बंद करून टाकतो. आवाज कमीजास्त करण्याच्या दोन्ही कळा एकत्र दाबून ती सुरू होईल अशी योजना फोनमध्ये आधीच करून ठेवावी. नवख्यास ही कामे शिकविण्यास वेळ द्यावा लागेल. पहिल्याच दिवशी जमले नाही म्हणून निराश होऊ नये.

आणखी काही गोष्टी पाहाव्यात. बोट टेकताच आवाज आला पाहिजे. तो रेंगाळत असेल तर फोन कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. बाजूच्या कळा बोटाला स्पष्ट लागाव्यात. मराठी आवाज फोनमध्ये उतरवून घ्यावा, म्हणजे डोंगराच्या आडोशाच्या पाड्यावर नेटवर्क नसले तरी फोन बोलत राहील. कानात घालावयाच्या तारेची सोय असावी. मात्र रस्त्याने चालताना दोन्ही कान झाकू नयेत.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आज अंध माणसाचे पत्र दुसरा वाचतो, बँकेचा गुप्त आकडा दुसरा पाहतो, बाजारातील नोट दुसरा ओळखतो. तो दुसरा प्रामाणिक असला तरी परावलंबन ते परावलंबनच. रिझर्व्ह बँकेने २०२० साली काढलेले ‘मनी’ हे ॲप कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची आहे ते इंटरनेटवाचून सांगते. नोट खरी की खोटी हे मात्र ते सांगत नाही. आपला आकडा आपणच ऐकता येणे, ह्यातच माणसाची प्रतिष्ठा आहे.

तथापि एक इशारा आवश्यक आहे. मोबाईल आला म्हणून ब्रेल सोडू नये. ऐकण्याने गोष्ट कळते. पण ‘दिन’ आणि ‘दीन’ ह्यांतील ऱ्हस्वदीर्घ, जोडाक्षर व विरामचिन्ह बोटांखालीच पक्के होते. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल १९५१ साली स्वीकारण्यात आले. त्याची पाटी व टोचणी विद्यार्थ्याच्या दप्तरात असलीच पाहिजे. फोन हा ब्रेलचा सोबती होय, वारस नव्हे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ह्यात लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यास अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, अध्ययनसाहित्य व योग्य सहायक साधने विनामूल्य देण्याची तरतूद आहे. यास्तव शिक्षकांनी मुलाचे प्रमाणपत्र काढण्यास पालकांस साह्य करावे, विशेष शिक्षकाचा सल्ला घ्यावा, आणि खरेदीचा दिवस ठरला की एवढेच सांगावे : मुलास घरी ठेवून बाजारात जाऊ नका.