तिसऱ्या पाळीचा सराव

फौंड्रीत भूकंपाचा सराव लावायचं काम तुझ्याकडं आलंय, तर पहिली गोष्ट ऐक: तो दिवसपाळीत उरकून मोकळा होऊ नकोस. महाराष्ट्रानं पाहिलेले दोन मोठे भूकंप आठव. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना. दोन्ही वेळा तिसऱ्या पाळीच्या. मॅनेजर घरी, तू घरी, ऑफिसला कुलूप, आणि भट्टीवर मोजकी माणसं. त्यांना जेवढं येतं तेवढंच तेव्हा कामाला येणार.

‘कोल्हापूरला कुठला आलाय भूकंप?’ असं कुणी म्हटलं तर नकाशा पुढं ठेव. कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे, चांदोलीचं वारणा धरण त्याहून जवळ. १९६७ साली कोयनानगर पडलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. त्या पट्ट्यात हादरे आजही बसतात.

आपल्या कामगारांना आगीचा सराव माहीत असतो: भोंगा झाला की बाहेर. भूकंपात हेच अंगाशी येतं. जमीन हलत असताना जो पळतो त्याच्या डोक्यावर पत्रा, काच, विटा पडतात. म्हणून हादरा चालू असेपर्यंत आहे तिथंच खाली बसायचं, डोकं आणि मान झाकायची, भक्कम टेबल असेल तर त्याखाली जाऊन पाय धरून ठेवायचा. थांबल्यावर बाहेर. दोन्ही सरावांना एकच भोंगा ठेवू नकोस. वीज गेली की भोंगाही गप्प होतो, तेव्हा प्रत्येक खात्यात एकाच्या गळ्यात शिट्टी असू दे.

टेबलाचं ऑफिसला ठीक आहे. भट्टीसमोरच्या माणसानं काय करायचं? छापील सूचनांत हे सापडत नाही, म्हणून इथं सगळ्यात जास्त वेळ दे. लोखंडाचा रस चौदाशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. ओतकाम चालू असेल तर ओतणं थांबवायचं, हातातलं लॅडल कोरड्या वाळूवर टेकवायचं आणि मागं सरायचं. ओल्या जमिनीवर रस सांडला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस स्फोटासारखा उडतो. भट्टीपुढची जागा तिन्ही पाळ्यांत कोरडी राहते का, हे आधी बघ. क्रेनवाल्यानं क्रेन थांबवून केबिनमध्येच धरून बसायचं, शिडीकडं धावायचं नाही. इंडक्शन भट्टीच्या कॉइलला वीज गेल्यावरही थंड पाणी लागतं. उंचावरच्या टाकीतलं पाणी खरंच कॉइलपर्यंत येतं का, ते व्हॉल्व्ह उघडून डोळ्यांनी बघ, कुणाच्या शब्दावर जाऊ नकोस.

हे सगळं भट्टी बंद ठेवून, रिकाम्या लॅडलवर करायचं. रस हातात असताना माणसाला दचकवणं हा गुन्हा आहे. आणि आधी जुन्या मोल्डरला विचार, ‘मामा, हलायला लागलं तर इथं कुठं बसशील?’ आपल्यापेक्षा त्याला शेड जास्त कळते.

जमायची जागा भिंत, चिमणी, ट्रान्सफॉर्मर आणि विजेच्या तारांपासून लांब हवी. शिरोली आणि गोकुळ शिरगावला पुणे-बेंगळुरू महामार्ग जवळ आहे. घाबरलेली माणसं गेटमधून थेट रस्त्यावर येऊ नयेत म्हणून वॉचमनला वेगळं शिकव.

जमल्यावर मोजणी. यात बहुतेक ठिकाणी गोंधळ होतो. हजेरीपटावर कायम कामगार असतात; ठेकेदाराची पोरं, माल घेऊन आलेला ड्रायव्हर, चहावाला त्यात नसतात. ढिगाऱ्याखाली कोण आहे हे गेटच्या वहीवरूनच कळणार, तेव्हा रात्रीची वही चोख ठेव आणि बाहेर येताना वॉचमननं ती सोबत आणायची असं ठरवून टाक. बिहार, ओडिशाची मुलं असतील तर सूचना हिंदीतही दे. मोजणी पुरी झाल्यावर डबा किंवा मोबाईल आणायला कुणालाही आत सोडायचं नाही. मागून पुन्हा धक्के बसतात आणि पहिल्यात खिळखिळी झालेली भिंत तेव्हा पडते.

शेजारच्या कारखान्यांना आणि पोलीस ठाण्याला आधी कळव, नाहीतर अफवा गावभर होते. ११२ आणि जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हे नंबर फाटकाजवळ मोठ्या अक्षरांत रंगव.

मालक उत्पादनाचं विचारतील. त्यांना मेक्सिकोचं सांग. १९ सप्टेंबर २०१७ ला तिथं सकाळी अकराला सराव झाला आणि दुपारी सव्वाच्या सुमाराला खरा भूकंप आला.

सराव संपला की चहा घेत सगळ्यांना बसव आणि सगळ्यात नव्या हेल्परला आधी बोलू दे. फोरमन बोलून झाल्यावर तो तोंड उघडणार नाही. कोण कुठं अडलं, कोणतं दार उघडलं नाही, शिट्टी कुणाला ऐकू आली नाही, सगळं लिहून घे. पॅटर्नच्या माळ्यावरचे जड पॅटर्न खाली उतरव, रॅक आणि गॅस सिलिंडर भिंतीला बांध. अँकर बोल्ट आणि साखळी उद्यमनगरात कुठल्याही दुकानात मिळते. पुढच्या सरावाची तारीख लावायच्या आधी तेवढं काम पुरं कर.