किल्ली काढली तरी इंजिन थांबत का नाही?

प्रश्न : वडिलांची 1980 च्या दशकातली प्रीमियर पद्मिनी आम्ही जपून ठेवली आहे. गेल्या उन्हाळ्यापासून तिला एक खोड लागली आहे. बाजारातून येऊन किल्ली बंद केली तरी इंजिन काही सेकंद धडधडत राहतं, सगळी गाडी हलते आणि शेवटी एक झटका देऊन ते थांबतं. सकाळी इंजिन थंड असताना असं होत नाही. गॅरेजवाले म्हणतात, हेड उघडावं लागेल. किल्ली बंद असताना इंजिन चालतंच कसं? आणि एवढा खर्च करावा का? — एक वाचक, सांगली

उत्तर : हेड तूर्त उघडू देऊ नका. आधी एवढंच ठरवायचं आहे की किल्ली बंद केल्यावर वीज खरोखर बंद होते की नाही. त्यासाठी ऑटो इलेक्ट्रिशियनकडचा साधा टेस्ट लॅम्प पुरतो. त्याची चिमटी बॉडीला अर्थ करायची आणि टोक इग्निशन कॉइलच्या त्या टर्मिनलवर टेकवायचं, जिथे स्विचकडून वायर येते. गाडी फिरवून गरम करा, मग किल्ली बंद करायला सांगा आणि इंजिन धडधडत असताना लॅम्पकडे बघा. लॅम्प पेटलेलाच राहिला तर दोष वायरिंगमध्ये आहे. स्विचचे कॉन्टॅक्ट चिकटले असतील, किंवा डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवताना जोडणी चुकली असेल. अशा वेळी फिरणाऱ्या अल्टरनेटरची वीज चार्जिंगच्या वायरीतून उलटी कॉइलपर्यंत येते. योग्य जागी एक डायोड घातला की काम भागतं. मात्र वीज मिळत राहिली तर इंजिन नेहमीसारखं गुळगुळीत चालतं. तुमचं अडखळत, हिसके देत चालतं आणि तेही फक्त गरम असताना. म्हणून लॅम्प विझेल असा माझा अंदाज आहे.

लॅम्प विझला, तर ठिणगीशिवाय पेट्रोल पेटतं आहे. कार्बोरेटरच्या गाडीत किल्ली फक्त ठिणगी तोडते, पेट्रोल तोडत नाही. इंजिन फिरत आहे तोवर त्याच्या ओढीने स्लो जेटमधून पेट्रोल येतच राहतं. सिलिंडरमध्ये साचलेला कार्बनचा एखादा कण, प्लगचं टोक किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड निखाऱ्यासारखी तापलेली असली, की आत आलेलं मिश्रण तिथेच पेटतं. ते वेळेवर पेटत नाही, म्हणून गाडी हिसके खाते. पिस्टन वर येण्याआधीच स्फोट झाला तर इंजिन क्षणभर उलटंही फिरू शकतं. शेवटचा झटका बहुधा त्याचाच असतो. म्हणूनच ही खोड चालवून घेऊ नये.

आता निखारा आहे म्हणजे हेड उघडा, असं गॅरेजवाले म्हणत असतील, तर ते कामाच्या शेवटापासून सुरुवात करत आहेत. कार्बन थोडाफार प्रत्येक जुन्या इंजिनात असतो, पण सगळीच इंजिनं अशी धडधडत नाहीत. निखाऱ्याला हवा आणि पेट्रोल भरपूर मिळालं तरच हे चालू राहतं, आणि ते मिळतं आयडलिंग वाढवून ठेवलेलं असलं की.

ते का वाढवलेलं असतं, हे नीट बघण्यासारखं आहे. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते. ती झिजली की पॉइंटचा गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडतं. मागे पडलेल्या टायमिंगवर इंजिन सुस्त होतं, सिग्नलला बंद पडायला लागतं. मग कुणीतरी कार्बोरेटरचा स्क्रू पिळून रेस वाढवतं. थ्रॉटल जास्त उघडा राहतो, किल्ली काढली तरी इंजिनाला खुराक मिळत राहतो आणि उशिरा होणाऱ्या ज्वलनाने एक्झॉस्टची बाजू आणखी तापते. 1970 च्या दशकात अमेरिकेत धुराचे नियम कडक झाले, तेव्हा कंपन्यांनीच पातळ मिश्रण आणि मागे घेतलेलं टायमिंग ठेवलं आणि तिथल्या असंख्य गाड्यांना हीच खोड लागली.

म्हणून आधी पॉइंटचा गॅप, मग टायमिंग, आणि शेवटी आयडलिंग. हा क्रम उलटा करू देऊ नका. अशा इंजिनाला आयडलिंगला मिनिटाला 700 ते 900 फेरे पुरतात. त्यानंतर प्लग काढून बघा. चालत्या इंजिनात प्लगच्या टोकाचं तापमान साधारण 450 ते 850 अंश सेल्सिअसमध्ये असावं. 950 च्या पुढे गेलं तर तेच निखारा बनतं. पांढरी चिनीमाती फोडफोड झालेली किंवा इलेक्ट्रोड वितळल्यासारखा दिसला, तर प्लग जास्त गरम रेंजचा आहे किंवा मिश्रण पातळ आहे. मॅनिफोल्डच्या गास्केटमधून हवा शिरत नाही ना, तेही पाहा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातल्या ऑक्सिजनमुळे जुन्या जेटवर मिश्रण आपोआप पातळ होतं, तेव्हा कार्बोरेटरचं ट्यूनिंग त्या हिशेबाने करून घ्या. सांगलीच्या उन्हाळ्यात रेडिएटर आणि फॅनबेल्टही तपासलेच पाहिजेत. इतकं करूनही खोड गेली नाही, तरच हेड काढून कार्बन खरवडण्याचा खर्च करा.

तोपर्यंत घरी आल्यावर मिनिटभर इंजिन आयडलिंगला ठेवून मग किल्ली काढा. तरी धडधड सुरू झाली तर ब्रेक घट्ट दाबून ठेवा, गाडी वरच्या गिअरमध्ये टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडेल.

मारुती 800 सारख्या नंतरच्या कार्बोरेटरच्या गाड्यांत स्लो जेटवर सोलेनॉइड असतो. किल्ली बंद झाली की त्याची सुई पेट्रोलची वाट अडवते. किल्ली फिरवताना तिथे 'टक' असा आवाज यायला हवा. सोलेनॉइड खराब झाला की काही ठिकाणी सुईचं टोक कापून देतात. गाडी चालते, पण मग ही धडधड हमखास मागे लागते. इंजेक्शनच्या गाड्यांत वीज गेली की इंजेक्टर बंद होतात, त्यामुळे तिथे दोष शोधायचा तो स्विच, रिले आणि वायरिंगमध्ये. बंद गाडीतून येणारी नुसती घरघर मात्र बहुतेक वेळा रेडिएटरच्या फॅनची असते आणि ती दोष नव्हे.

डिझेलची गोष्ट वेगळी. तिथे ठिणगी नसतेच, इंजिन थांबतं ते डिझेल तोडल्यावर. जुन्या जीपला त्यासाठी ओढायची स्टॉप-केबल असायची, पुढे पंपावर सोलेनॉइड आला. तो अडकला तर दुरुस्ती सोपी आहे. पण टर्बोचं सील फुटून इंजिन स्वतःचंच ऑइल जाळायला लागलं, पांढरानिळा धूर सोडत आपोआप रेस वाढत गेली, तर बॉनेटखाली हात घालू नका. गिअरच्या गाडीत वर सांगितलेला ब्रेक आणि वरच्या गिअरचा उपाय लगेच करा. जमलं नाही तर उतरा आणि सगळ्यांना लांब न्या. अशा वेळी इंजिन फुटून तुकडे उडू शकतात.