एजंट हुशार आहे, त्याला एवढं कशाला सांगायचं?

टूलचं वर्णन माझ्या नावावर होतं, त्यामुळे चौकशीच्या बैठकीत सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. स्क्रीनवर एकच ओळ होती: ‘चालू असलेला वर्कफ्लो रन रद्द करते.’ मी दिलेल्या मसुद्यात त्याखाली अख्खा परिच्छेद होता. तो रिव्ह्यूमध्ये कुणी उडवला, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. म्हणून इथे सांगते.

आमच्या टीमने गिटहब अ‍ॅक्शन्ससाठी एमसीपी सर्व्हर लिहिला होता. एआय एजंटला त्यातून रन बघता येत, पुन्हा चालवता येत आणि थांबवताही येत. थांबवण्याच्या टूलबद्दल मी स्पष्ट लिहिलं होतं: इन्फ्रास्ट्रक्चर बदलणारे आणि डेटाबेस मायग्रेशनचे रन माणसाला विचारल्याशिवाय रद्द करू नयेत, रन बराच वेळ चालू आहे, हे रद्द करण्याचं कारण नव्हे. त्यावर आमच्या लीडचं म्हणणं, “अगं, एजंट हुशार आहे, त्याला एवढं कशाला सांगायचं? उगाच दर वेळी टोकन जाणार. हे विकीवर टाक.” टाकलं. विकी आमची माणसं उघडत नाहीत, एजंट कुठून उघडणार? त्याच्यापुढे टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर येतात, बाकी काही नाही.

त्यावर आणखी एक शहाणपणा झाला. एमसीपीच्या मार्च २०२५च्या आवृत्तीपासून टूलला ‘डिस्ट्रक्टिव्ह हिंट’ लावता येते. टूल काही मोडू किंवा पुसू शकतं का, हे ती क्लायंटला सांगते. काहीच लिहिलं नाही तर उत्तर ‘हो’ धरलं जातं, म्हणजे आळस केला असता तरी निभावलं असतं. आमच्याकडे मुद्दाम ‘नाही’ लिहिलं गेलं. का, तर ‘हो’ असलं की आमचा क्लायंट परवानगी मागायचा, आणि डेमोत मध्येच ती खिडकी उघडलेली साहेबांना खपत नव्हती.

मग व्हायचं तेच झालं. इन्फ्रास्ट्रक्चर बदलणाऱ्या एका रनमध्ये टेराफॉर्म डेटाबेसची क्षमता वाढवत होतं. अशा कामात ते दर दहा सेकंदांनी ‘स्टिल मॉडिफायिंग’ एवढीच ओळ लॉगमध्ये टाकत राहतं. एजंटला भलतंच डिप्लॉयमेंट पुढे न्यायचं होतं आणि ते या रनमागे रांगेत उभं होतं. त्याने लॉग उघडला, वरपासून खालपर्यंत तीच ओळ पाहिली आणि नोंदवलं: रन अडकलेला दिसतो, रद्द करतो. लगेच पुढची नोंद: यशस्वीरीत्या रद्द केला.

ती नोंद वाचून माझं डोकंच फिरलं. एपीआयचं उत्तर होतं २०२, म्हणजे विनंती स्वीकारली, बस्स. त्यानंतर रनर प्रोसेसला थांबायचा सिग्नल देतो, ७.५ सेकंद वाट बघतो, दुसरा सिग्नल देतो, आणखी २.५ सेकंदांनी सगळं मारून टाकतो. पहिला सिग्नल शेलला मिळतो. आतल्या टेराफॉर्मपर्यंत तो पोचेलच असं नाही. आमच्याकडे पोचला नाही. क्लाउडवर बदल चालूच राहिला, टेराफॉर्मच्या स्टेटमध्ये त्याची नोंद नाही, आणि वर स्टेट लॉक तसाच. पुढचा प्रत्येक रन त्या लॉकवर आपटून पडायला लागला. आणि बैठकीतला प्रश्न काय? “डॉक्स तुमचेच ना?”

असं टूल तुमच्या गळ्यात पडलं तर एवढं करा.

‘केव्हा वापरू नये’ हे वर्णनातच घाला, तेही सुरुवातीला. टोकनचा हिशेब कुणी मांडला तर बंद पडलेल्या प्रॉडक्शनचा हिशेब त्याच्यापुढे ठेवा.

रन आयडी आणि रन नंबर वेगळे आहेत, हे पॅरामीटरशेजारी लिहा. माणसं पडद्यावरचा छोटा नंबर सांगतात, एपीआयला लांबलचक आयडी लागतो. एजंटने तो आधी यादीतून शोधावा, अंदाजाने भरू नये. रन पुन्हा चालवला तरी आयडी तोच राहतो, फक्त अटेम्प्ट बदलतो. जुनी माहिती धरून रद्द करायला गेलं तर नवा अटेम्प्ट मरतो.

२०२ आल्यावर ‘रद्द झालं’ म्हणू नये. स्टेटस ‘कम्प्लीटेड’ होईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारावं आणि मग निकाल बघावा. तेवढ्यात रन यशस्वी होऊन संपलेलाही असू शकतो. ४०९ आला, म्हणजे रद्द करायची विनंती नाकारली गेली, तर थांबून माणसाला कळवावं.

फोर्स कॅन्सल त्याच टूलमध्ये पर्याय म्हणून कधीही देऊ नका. साधं रद्द केल्यावर ‘ऑल्वेज’ अट लावलेल्या, म्हणजे सहसा साफसफाईच्या, पायऱ्या तरी चालतात. फोर्स त्यांनाही जुमानत नाही.

आणि कितीही चांगलं लिहिलं तरी शब्दांनी एजंट बांधला जात नाही. रद्द करायला गिटहबच्या अ‍ॅक्सेस टोकनला अ‍ॅक्शन्सची राइट परवानगी लागते. जिथे रन मेला तरी चालेल अशाच रेपॉझिटरींपुरती ती द्या. बाकी नेहमीचंच: आधी स्टेजिंगवर करून बघा, लॉग जपून ठेवा, घाई करू नका.

आता वर्णनात माझाच परिच्छेद परत आला आहे. कमिटवर नाव लीडचं, आणि संदेश ‘डॉक्स सुधारले’. तेव्हा जे कापलं जाईल ते पुल रिक्वेस्टच्या कॉमेंटमध्ये जसंच्या तसं चिकटवा आणि कापणाऱ्याकडून कारण तिथेच लिहून घ्या. माझी ती कॉमेंट होती, म्हणून अहवालातलं ‘अपुरं डॉक्युमेंटेशन’ खोडावं लागलं. त्या जागी खरं कारण लिहायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.