जोर आणि विसावा

चि. सोन्यास,


“फिजिओ म्हणतात जोर लाव, न्यूरोचे डॉक्टर म्हणतात दमू नकोस; मावशी, मी कुणाचं ऐकू?” हा तुझा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जात नाहीये.

दोघांचंही खरं आहे. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला लुडविग गटमन यांनी मणक्याच्या रुग्णांची दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, त्यांच्याकडून कष्ट करून घेतले, पुढे त्यांना मैदानावर खेळायला उतरवलं. तुझे फिजिओ त्याच वाटेचे. पण तुला मायस्थेनियाही आहे, आणि त्याची रीत उलटी. स्नायू वापरत जावं तसा तो गळतो, विसावला की सावरतो. म्हणून व्यायाम सोडायचा नाही, पण दमायच्या आधी थांबायचं. हे फिजिओंना तूच सांग.

पाय गेल्यापासून तुझं सगळं दंडांवर आलंय. मायस्थेनियाची गोळी घेतल्यावर पाऊणएक तासाने बळ येतं, तीन-चार तास टिकतं. आंघोळ, पलंगावरून खुर्चीत शिफ्टिंग त्याच वेळात उरक. बुडाखालचा दाब सोडवायला हातांवर अंग उचलू नकोस; पुढे वाकून छाती मांड्यांवर टेक, दोनेक मिनिटं तसाच राहा. खांदे वाचतात. तोल जातो तुझा, तेव्हा सुरुवातीला ताई जवळ असू दे. गोळीने पोट ढवळेल, शौचाची बसवलेली वेळ मोडेल. तरी गोळी आपल्या मनाने कमी करायची नाही, डॉक्टरांशी बोलायचं. आणि मे महिन्यात दुपारी बाहेर नको. छातीखाली तुला नीट घाम येत नाही, आणि उष्म्याने मायस्थेनिया वाढतो.

आता सर्वात महत्त्वाचं. कॅथेटरमुळे लघवीचं इन्फेक्शन तुला अधूनमधून होणारच. आमच्या वॉर्डात तुझ्यासारखीच एक मुलगी होती. ताप आला, रात्रपाळीच्या डॉक्टरांनी नेहमीचं सिप्रोफ्लॉक्सासिन लिहिलं, मी दिलं. संध्याकाळी तिच्या पापण्या मिटायला लागल्या, पाणी गिळवेना. मायस्थेनियाची नोंद जुन्या फाइलीत होती. मी ती उघडली नव्हती. मुलगी बचावली, पण चार दिवस व्हेंटिलेटरवर होती. जेंटामायसिनही तसंच घातक. स्पाझमसाठी किंवा मूत्राशयात बोटॉक्स सुचवलं, तरी आधी न्यूरोच्या डॉक्टरांना विचार. नवा डॉक्टर दिसला की मणक्याचं नंतर सांग. तो खुर्ची बघतोच आहे. मायस्थेनिया दिसत नाही. तो आधी सांग. तसं लिहिलेली एक चिठ्ठी खुर्चीच्या पिशवीत कायमची ठेव.

छातीचे स्नायू तुझे आधीच अर्धे निकामी, त्यामुळे श्वासाला राखीव साठा फार थोडा. रोज सकाळी एका श्वासात किती आकडे मोजता येतात ते वहीत लिही. नेहमीपेक्षा आकडा घसरला, खोकून कफ निघेना, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल.

आणि अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल होऊन घामाने भिजला, तर उठून बस, कॅथेटरची नळी मुडपली आहे का ते बघ. ताईलाही हे शिकवून ठेव.

रविवारी फोन करते. आठवड्याचे आकडे वाचून दाखव.

तुझी,
मावशी