मर्यादा ओळखणें : जुनें इंजिन आणि गांवची नदी

खेड्यांतील घरास आधार देणाऱ्या दोन गोष्टींविषयीं आज आपण विचार करूं. एक, विहिरीवरचें जुनें डिझेल इंजिन. दुसरी, गांवची नदी, जेथें सवडीच्या दिवशीं बाप मुलांस घेऊन गळ टाकावयास जातो. दोहोंपासून धडा एकच मिळतो. मर्यादा ओळखून वापर केला तर घर पोसलें जातें. मर्यादा ओलांडली तर घराचा घात होतो.

१. इंजिनाचा धडा

सन १९०३ मध्यें लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर तयार केला, आणि सन १९४६ मध्यें पुण्यास किर्लोस्करांचा तेलाच्या इंजिनांचा स्वतंत्र कारखाना निघाला. पुढें अशा इंजिनांनीं पुष्कळ विहिरींवरील मोट बंद केली. वीज आली तरी कांहीं मळ्यांत तें जुनें इंजिन अजून जपून ठेविलेलें आहे.

पंप पाणी ओढतो, असें आपण म्हणतों. वस्तुतः पंप नळींतील हवा काढून घेतो, आणि बाहेरील हवेचा दाब पाणी वर ढकलितो. हा दाब पाण्यास फार तर ३४ फूट चढवूं शकतो. व्यवहारांत २० ते २२ फुटांपलीकडे भरंवसा धरितां येत नाहीं. म्हणून उन्हाळ्यांत पाणी खोल गेलें कीं कोणी कोणी इंजिनच विहिरींत उतरवितात. येथें मोठा धोका आहे. इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं व वासहि नाहीं. विहिरींत वारा खेळत नसल्यामुळें तो सांचतो, आणि आंतला मनुष्य हांक मारण्यापूर्वींच बेशुद्ध होतो. त्यास काढावयास भाऊ उतरतो, भावामागून मुलगा उतरतो, आणि एका घरचे दोघेतिघे जातात. कंदील विझला नाहीं म्हणजे हवा चांगली, ही समजूतहि खोटी आहे. हा वायु असतांनाहि कंदील जळत राहतो. याकरितां विहिरींत इंजिन चालवूंच नये. कोणी आंत पडलाच तर मागून उतरूं नये; दोर सोडावा, माणसें जमवावीं व ११२ या क्रमांकावर ताबडतोब मदत मागावी.

हँडल मारतांना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, म्हणजे उलट झटका बसल्यास हात सुटून येतो. चालत्या पट्ट्याजवळ पदर, उपरणें किंवा मूल येऊं देऊं नये.

२. नदीचा धडा

पावसाळ्यांत शेतास पाणी द्यावें लागत नाहीं, म्हणून इंजिनास विसांवा मिळतो. नदीसहि तोच विसांवा हवा. पहिल्या पुराबरोबर मासे प्रवाहाविरुद्ध वर येतात. त्यांस चढणीचे मासे म्हणतात. ते अंडीं घालावयास निघालेले असतात. एका मोठ्या रोहूच्या पोटांत लाखों अंडीं असतात. ती मादी त्या दिवशीं पकडली, तर पुढल्या वर्षींचें पीक पेरणीपूर्वींच खाल्लें असें होतें. समुद्रावर महाराष्ट्र सरकारनें १ जून ते ३१ जुलै यंत्रनौकांची मासेमारी बंद ठेविली आहे, तिचें एक कारण हेंच.

विष घालून किंवा सुरुंग लावून मासे मारणें सन १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा ठरविलें. विषानें पिल्लें मरतात, आणि तेंच पाणी खालच्या गांवचीं गुरें पितात. सुरुंगानें कित्येकांचे हात गेले आहेत. गळ टाकणाऱ्यास मासे थोडे मिळतात खरे, परंतु शेजारीं बसलेला मुलगा धीर धरावयास शिकतो, आणि लहान मासा परत पाण्यांत सोडावयासहि शिकतो.

कुटुंबांत विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या विहिरींत पाणी उन्हाळ्यांत किती फूट खोल जातें?
२. विहिरींत कोणी बेशुद्ध झाल्यास घरांतील प्रत्येकानें काय करावें?
३. चढणीचे मासे आपण कां सोडून द्यावे?

हे प्रश्न मुलांसमक्ष विचारावे, आणि पहिल्यानें उत्तर मुलांस देऊं द्यावें.