भाव आटला नाही, देह शिणला आहे

सज्जनहो, कीर्तन आटोपले की पुष्कळदा एखादी माउली बाजूला येऊन विचारते, "महाराज, घरातलं माणूस गेल्यापासून भजनात डोळ्यांना पाणीच येत नाही. पांडुरंगानं मला टाकलं का हो?"

आमचे उत्तर असे की, मुळीच नाही. शोक, जागरणे आणि रोजची धावाधाव यांनी देह शिणला की मन आपले दार लावून घेते. उपसलेल्या विहिरीत पुन्हा पुन्हा पोहरा टाकून काय उपयोग? झरा भरू द्यावा लागतो.

मेंदूपासून हृदय व जठरापर्यंत जाणारी मज्जातंतूंची एक जोडी आहे. वैद्यकात तिला व्हेगस म्हणतात. तिच्या टोकाशी सुटणाऱ्या द्रव्याने हृदयाची गती मंदावते, हे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर दाखविले. श्वास सोडताना तिचे काम वाढते. म्हणून उच्छ्वास लांबविला की धडधड उतरते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील एका अभ्यासात २३ निरोगी माणसांकडून ख्रिस्ती जपमाळ व एक मंत्र म्हणवून घेतला. दोहोंनीही श्वास मिनिटास सुमारे सहावर आला. गीतेच्या सहाव्या अध्यायात तर भगवंतांनी मन हळूहळू शांत करावे, आहार-निद्रा बेताची ठेवावी, असे सांगूनच ठेवले आहे.

तेव्हा करावे काय? पहाटे दहा मिनिटे बसावे. 'रामकृष्ण हरि' संथ म्हणावे. श्वास घेण्यापेक्षा सोडणे लांब असावे. घुसमटल्यासारखे झाले तर थांबावे, डोळे उघडून अंगणातली तुळस पाहावी. झोप मोडून नेम वाढवू नये. रडू आलेच पाहिजे, हा हट्ट तर नकोच. आधी लहान गोष्टी परत येतात: भाकरीची चव, नातवाच्या हाताची ऊब, मृदंगाचा ठेका. त्यांच्या मागून शोकही येईल. त्यालाही येऊ द्यावे.

मात्र झोप-अन्न तुटले, किंवा जीव नकोसा झाला, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टर गाठावा. औषध घेतल्याने निष्ठा उणी होत नाही.

अहो, आळंदीची पालखीसुद्धा एका दमात पंढरी गाठत नाही. वाटेत विसावे आहेत, मुक्काम आहेत. विसाव्याला बसलेल्या वारकऱ्याची वारी मोडली, असे आजवर कोणी म्हटले आहे काय?

रामकृष्ण हरि.