वाघ दिसला नाही, मग सहलीत काय शिकलो?



डिसेंबरात आमच्या शाळेची सहल ताडोब्याला गेली होती. सातवीची मुलं. पहाटे उठून, स्वेटर-मफलर घालून मोहर्ली गेटवर रांगेत उभी राहिली. आत चितळांचे कळप दिसले, सांबर दिसलं, तलावाच्या काठाशी मगरीचं डोकं दिसलं. मोर तर मुलांनी मोजायचेच सोडून दिले. पण वाघ काही दिसला नाही. गेटबाहेर आल्यावर सगळ्यांचे चेहरे उतरलेले. एक जण म्हणाला, "सर, पैसे फुकट गेले."

तेवढ्यात मागून एक मुलगी बोलली, "वाघ तं आमच्या वावराच्या धुऱ्यावर येते सर. त्याले पाहाले पैसे देऊन इथं काहाले याचं?"

सगळे हसले. मीही हसलो आणि विषय तिथेच संपला.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली आणि तीच मुलगी रोज उशिरा यायला लागली. दोन-तीनदा रागावलो. शेवटी बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाली, "आई मोहावर जाते सर. ते घरी आल्याबिगर माह्या पाय निघत नाही."

मला पुढे काही बोलता आलं नाही. ज्या जंगलात आपण मुलांना मजा करायला नेतो, त्याच जंगलातून आई परत येईल ना, म्हणून ही पोर दारात उभी असते. आणि आपला पाठ? 'जंगल आपला मित्र आहे' या एका वाक्यात उरकलेला. तिच्या त्या दोन बोलण्यांवरून मी जंगलाचा पाठ नव्याने लिहून काढला. पाच तासिकांचा आहे. जसा घेतला तसा इथे देतो. तुमच्या गावाप्रमाणे बदल करून घ्या.

तासिका १ : नकाशा आणि कुंपण

फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा काढा. मुलांना आपलं गाव दाखवायला लावा, मग ताडोबा. थोडी माहिती सांगा. ताडोबा हे महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. त्याच्या दक्षिणेला अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये झालं. पुढे दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प तयार झाला. आज गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे आणि भोवतालचं बफर सुमारे १,१०० चौरस किलोमीटर. बफरमध्ये गावं आहेत, वावरं आहेत, गुरं आहेत, शाळा आहेत.

आता प्रश्न विचारा : या जंगलाला कुंपण कुठे आहे?

मुलं नकाशावर बोट फिरवतात आणि थांबतात. कुंपण नाहीच. गेट आहे ते माणसांच्या गाड्यांसाठी. वाघाचं पिल्लू साधारण दोन वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं आणि त्याला स्वतःचा इलाखा शोधावा लागतो. आतल्या चांगल्या जागा मोठ्या वाघांनी धरलेल्या असतात. मग हा तरणा वाघ नाल्यानाल्याने, झुडपाझुडपाने बाहेर पडतो. कोणी ब्रह्मपुरीकडे जातो, तिथून वडसा-गडचिरोलीकडे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरातल्या झुडपांतही वाघ राहिलेले आहेत. म्हणजे धुऱ्यावर आलेला वाघ 'वाट चुकलेला' असतोच असं नाही. बरेचदा तो त्याच्या नेहमीच्या वाटेवरच असतो. हे समजलं की मुलांची भीती पूर्ण जात नाही, पण तिला कारण मिळतं. कारण माहीत असलं की काळजी कशी घ्यायची तेही सुचतं.

तासिका २ : नावाची गोष्ट

ताडोबा हे नाव 'तारू' या गोंडांच्या दैवतावरून आलं, असं मानतात. आख्यायिका अशी : तारू हा गावचा प्रमुख. वाघाशी झालेल्या झुंजीत तो मारला गेला आणि लोकांनी त्याला देव मानलं. ताडोबा तलावाच्या काठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे.

ही गोष्ट सांगून झाल्यावर मी मुलांना एवढंच विचारलं, "ज्या माणसाला वाघाने मारलं त्याला लोकांनी देव केलं, मग वाघाला सैतान का नाही केलं?" उत्तरं मजेदार आली. एक जण म्हणाला, "दोघायचंही जंगल होतं म्हून." एकीने सांगितलं, तिच्या आज्याच्या गावी वाघोबाचंही ठाणं आहे, तिथेही नारळ फोडतात. मी काही जोडलं नाही. घरी जाऊन आजी-आजोबांना अशा गोष्टी विचारून वहीत लिहून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी अकरा गोष्टी आल्या. त्यात गोंडी आणि माडिया शब्द होते, जे मला माहीत नव्हते. ते मुलांनीच मला शिकवले.

तासिका ३ : मैदानात जंगल

या तासिकेसाठी जंगलात जायची गरज नाही.

ठसे : मैदानाच्या कोपऱ्यात बारीक माती चाळून पसरा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी कुत्र्याचे आणि मांजरीचे ठसे मिळतात. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. मांजर चालताना नखं आत ओढून घेते, म्हणून तिच्या ठशात नखं दिसत नाहीत. वाघ आणि बिबट मांजरीच्याच कुळातले, त्यांच्या ठशाचंही तसंच. अस्वलाच्या ठशात मात्र पाच बोटं आणि लांब नखं असतात आणि मागच्या पायाचा ठसा माणसाच्या पावलाची आठवण करून देतो. प्लास्टर ऑफ पॅरिस मिळालं तर साचाही काढता येतो. पण मुलांना हेही बजावून सांगा : वावरात मोठा ताजा ठसा दिसला, तर तो साचा काढायचा नाही. मागे फिरायचं आणि मोठ्यांना सांगायचं.

कान : पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि ऐकू आलेले आवाज लिहायचे. मग जंगलातल्या इशाऱ्यांची माहिती द्या. वानर झाडाच्या शेंड्यावरून लांबवर बघतं, चितळाचं नाक तेज. म्हणून दोघं एकमेकांच्या सोबतीने राहतात. वानराने टाकलेला पाला आणि फळं चितळ खातं आणि वाघ-बिबट दिसला की एक ओरडतं, दुसरं सावध होतं. सांबराची हाक खोल आणि जाड असते. ती आली की गाईड लगेच गाडी थांबवतो, कारण सांबर सहसा उगाच ओरडत नाही. सहलीत वाघ दिसला नव्हता, पण एकदा गाडी थांबली होती आणि आम्ही दहा मिनिटं अशी हाक ऐकली होती. ती मुलांना आता आठवली. "म्हणजे तवा वाघ होता सर!" होता बहुतेक. आपण त्याला पाहिलं नाही, त्याने आपल्याला पाहिलं असेल.

झाडं : ऐन, म्हणजे आपल्याकडचा येन, त्याची साल बघा. चौकोनी भेगा पडलेल्या, मगरीच्या पाठीसारख्या. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळा, हात लाल होतो. पांढऱ्या गुळगुळीत खोडाचं, उन्हाळ्यात पानं गळून चांदण्यात चमकणारं झाड दिसलं तर तो भुत्या. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या. आम्ही एका आजोबांना बोलावलं. त्यांनी अर्ध्या तासात तीस झाडांची नावं आणि उपयोग सांगितले. डीएडला असताना मला इतकी झाडं कोणी सांगितली नव्हती.

तासिका ४ : बांबू गवत की झाड?

हा प्रश्न आधी वर्गात टाका आणि हात वर करायला लावा. बहुतेक मुलं 'झाड' म्हणतील. मग बांबूचा तुकडा द्या. पेरं, पोकळ खोड, समांतर शिरांची पानं. ऊस, ज्वारी, धान यांच्याशी ताडून बघा. विज्ञानाच्या दृष्टीने बांबू गवतच आहे.

आता खरी गंमत सांगा. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू 'झाडा'त धरला होता. त्यामुळे गावाला तो आपल्या मर्जीने तोडून विकता येत नव्हता. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं छोटं गोंड गाव आहे. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. तरीही बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागायचा आणि तो द्यायचा अधिकार वनखात्याकडे. गावाने तो प्रश्न लावून धरला. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आलं. पुढे २०१७ मध्ये कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून बांबू काढण्यात आला.

देवाजी तोफा आणि त्यांच्या गावाने हे कसं केलं? मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचं जरी पटलं नाही तरी चर्चा पुन्हा. आणि अभ्यासगट बसतो. कायदा वाचायचा, समजून घ्यायचा, मग बोलायचं. मुलांना सांगताना मी हाच मुद्दा पुढे ठेवला : मोठी माणसंही एकत्र बसून अभ्यास करतात आणि त्या अभ्यासातून गावाच्या हाती जंगलाचा कारभार येतो. 'हे शिकून काय उपयोग' असं विचारणाऱ्या मुलाला याहून जवळचं उदाहरण मला सापडलं नाही.

तासिका ५ : मोहाचं झाड

ही तासिका मी सगळ्यात शेवटी ठेवली, कारण ती मला अवघड वाटत होती.

मोह रात्री फुलतो. वटवाघळं त्याच्यावर येतात आणि पहाटे रसाळ फुलं टपटप खाली पडतात. ती गोड असतात, म्हणून चितळ येतं, अस्वल येतं. माणूसही येतो, कारण वाळलेल्या मोहफुलाला पैसा मिळतो आणि मार्च-एप्रिलमध्ये शेतात दुसरं काम नसतं. म्हणजे एकाच झाडाखाली, एकाच वेळी, अंधुक उजेडात सगळे. त्यातच वेचणारा माणूस वाकलेला किंवा उकिडवा बसलेला. उभा माणूस वाघाला भक्ष्यासारखा वाटत नाही, वाकलेला वाटू शकतो. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून वणवे लागतात ते वेगळंच. मोह संपतो न संपतो तोच तेंदूपत्त्याचा हंगाम येतो, तेव्हाही हेच.

मुलांना मी सगळं खरं सांगितलं. २०२१ च्या नोव्हेंबरात ताडोब्यातच व्याघ्रगणनेच्या कामावर असलेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला, तेही सांगितलं. रोज जंगलात वावरणाऱ्या, काम शिकलेल्या माणसाच्या बाबतीतही असं होऊ शकतं. म्हणून 'आमाले सवय हाय' हे उत्तर चालणार नाही.

मग मुलांनीच नियम काढले :

• एकट्याने जायचं नाही. चार-पाच जणांनी सोबत राहायचं.
• नीट उजाडल्यावरच जायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी यायचं.
• सगळ्यांनी एकदम वाकायचं नाही. एकाने उभं राहून लक्ष ठेवायचं.
• मोठ्याने बोलत राहायचं. कानात इअरफोन नाही.
• झाडाखाली जाळी बांधली तर फुलं तिच्यात पडतात. वाकावं लागत नाही, पालाही जाळावा लागत नाही.
• वाघ, अस्वल दिसलं तर पळायचं नाही. तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरकायचं.
• वाघ दिसला म्हणून मोबाईल घेऊन गर्दी करायची नाही. वनरक्षकाला कळवायचं.

हे नियम मुलांनी मोठ्या अक्षरात लिहून घरोघरी नेले. त्या मुलीच्या आईने शेजारच्या तिघींना सोबत घेतलं आणि आता त्या उजाडल्यावर निघतात. फुलं थोडी कमी मिळतात, असं त्या सांगतात. ते नुकसान खरं आहे आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. मुलीला मी सकाळचा पहिला अर्धा तास सूट दिली आहे. हजेरीत तिचं नाव शेवटी घेतो.

पालकांसाठी दोन शब्द

शहरातल्या पालकांनो, ताडोब्याला, आगरझरीला किंवा गडचिरोलीत आलापल्लीच्या जुन्या सागवनात मुलांना जरूर घेऊन या. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं, हे बघून बेत करा. येताना 'वाघ दिसलाच पाहिजे' हा हट्ट घरी ठेवा. गाईडवर आणि ड्रायव्हरवर त्यासाठी दबाव आणू नका. घरी परतल्यावर मुलाला 'वाघ दिसला का?' असं विचारण्याआधी 'काय ऐकलंस?' असं विचारा.

आणि जंगलाकाठच्या पालकांनो, तुम्हाला जे ठाऊक आहे ते आमच्या पुस्तकात नाही. एक दिवस शाळेत या आणि मुलांना सांगा.

स्वाध्याय

१. तुमच्या घरात जंगलातून येणाऱ्या पाच वस्तूंची यादी करा. त्या कोण आणतं, कोणत्या महिन्यात आणतं?
२. ताडोब्याला कुंपण घातलं तर वाघाचं काय होईल? गावाचं काय होईल?
३. तुमच्या आजी-आजोबांनी पाहिलेलं जंगल आणि आजचं जंगल, यात काय फरक आहे? त्यांना विचारून दहा ओळी लिहा.

तुम्ही हा पाठ घेतलात, तर तुमच्या मुलांनी दुसऱ्या प्रश्नाला काय उत्तर दिलं ते मला नक्की कळवा. आमच्या वर्गात त्यावर अजून एकमत झालेलं नाही.